स्वर्गाची पात्र-अपात्र समिती

आमच्या ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, सभासद रजिस्टर माझ्या ताब्यात असतं. लाल कापडी पाठीचं, उभं, कोपरे वाळवीनं खाल्लेलं. रकाने आठ : अनुक्रम, नाव, जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि शेरा. मृत्यूच्या तारखेपुढच्या शेऱ्यात माझ्या आधीचे सेक्रेटरी एकच वाक्य लिहीत आले आणि मीही तेच लिहितो, ‘प्रभूत झोपी गेला’ किंवा ‘झोपी गेली’. गेल्या मार्चात एका नावापुढे तारीख लिहिली आणि शेऱ्यापाशी पेन थांबला. वय ४२, तीन एकर कोरडवाहू वावर, सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी, दोन लेकरं. त्यानं स्वतःचा जीव घेतला होता.

मयत घरी होती. अंगणात बाया बसल्या होत्या. आणि आम्ही कमिटीचे सात पुरुष चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे नाताळचे तारे आणि सतरंज्या ठेवतात तिथे, दोन तास वाद घालत होतो. आत्महत्या करणारा स्वर्गात जातो का? जात नसेल तर मयत चर्चमध्ये कशाला आणायची? घंटा कशाला वाजवायची? एक जण सारखा यहूदाचं, येशूला धरून देऊन मग स्वतःचा जीव घेणाऱ्या शिष्याचं, नाव घेत होता, दुसरा ‘देव दयाळू आहे’ यापुढे सरकत नव्हता. शेवटी तोडगा निघाला तो उन्हामुळे, कारण यवतमाळ जिल्ह्यातलं मार्चचं ऊन मयतीला थांबू देत नाही. चर्चमध्ये न्यायचं नाही, घंटा नाही, कबरस्थानात कुंपणाकडची जागा, पाळकांनी तिथेच छोटी प्रार्थना करावी. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. तेव्हापासून तालुक्यातल्या लहानमोठ्या मंडळ्यांत हा वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंनी तो इतका वाईट चालला आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तो स्वर्गात गेला की नाही, हा प्रश्न मंडळीच्या अधिकारातला नाही. आणि जो प्रश्न अधिकारात आहे त्याच्यापासून पळायची सोय म्हणून आम्ही तो घेऊन बसतो. अशा माणसाची मयत चर्चमधूनच निघाली पाहिजे, घंटा वाजवून, चारचौघांसारखी. पण ‘तो आता सुखात आहे, रडू नका’ असं म्हणून तिसऱ्या दिवशी मोकळे होणारे लोकही माझ्या बाजूचे नाहीत. स्वर्गाची आशा एकीकडे आणि मंडळीतली सहभागिता दुसरीकडे, अशी वाटणी ख्रिस्ती विश्वासात मुळातच नाही. एक काढून घेतली की दुसरी नासते. कशी नासते, ते आम्ही कुंपणाजवळ पाहिलं.

विदर्भातल्या माणसाला ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयापासून शेतकऱ्यानं जीव दिला की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं. सातबारा कुणाच्या नावावर? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की बिनपरवाना सावकाराचं? वसुलीचा तगादा होता का? नापिकी होती का? कागद जुळले तर प्रकरण पात्र आणि घरच्यांना १ लाख रुपये, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. नाही जुळले तर अपात्र. दुसऱ्याचं वावर ठोक्यानं करणारा कागदात सापडत नाही, मजुरी करणारा तर नाहीच. या समित्यांवर आम्ही सगळे टीका करतो, चहाच्या टपरीवर तर हमखास. पण त्या दिवशी मागच्या खोलीत आम्ही सात जण काय करत होतो? तलाठ्याचा अहवाल नाही, पंचनामा नाही, मेलेल्याच्या मनातलं शेवटच्या घटकेचं काही ठाऊक नाही, आणि आम्ही स्वर्गाची प्रकरणं निकाली काढत होतो. सरकारला निदान तिजोरीचा हिशेब द्यावा लागतो. स्वर्गातलं काय आमच्या खिशातून जाणार होतं?

विरोधी बाजूला एक मोठा आधार आहे, परंपरेचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सहाव्या शतकातल्या, पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या धर्मसभेनं आत्महत्या करणाऱ्यांना अंत्यविधी नाकारले. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नव्हतं. आयुष्य देवानं दिलेलं आहे, ते परत करायची वेळ आपण ठरवायची नाही, हा त्यामागचा विचार मला आजही मान्य आहे. चौदाशे वर्षं माणसांनी तो गांभीर्यानं धरला, ती काही सगळी दगडाच्या काळजाची नव्हती. पण त्याच चर्चनं १९८३ च्या नव्या संहितेतून ती बंदी काढली आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्ट लिहिलं की अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. आमचे प्रोटेस्टंट बंधू म्हणतील, रोमनं काय केलं त्याचं आम्हाला काय? बरोबर आहे. मग कुंपणाकडची जागा तरी आपल्याकडे कुठून आली? बायबलात ती नाही. इंग्लंडात १८२३ पर्यंत अशा माणसाला चव्हाट्यावर पुरायची रीत होती. त्या साली कायदा झाला आणि त्याला चर्चच्या आवारात जागा मिळाली, पण रात्री ९ ते १२ च्या दरम्यान, धर्मविधीशिवाय. दिवसाउजेडी पुरायची मोकळीक १८८२ मध्ये मिळाली. म्हणजे ज्याला आम्ही पवित्र परंपरा म्हणून कवटाळून बसलोय, ती निम्मी तरी आगबोटीतून उतरलेली विलायती रीत आहे, आणि तिथल्या लोकांनी ती केव्हाच टाकून दिली.

बायबलात काय आहे? इस्राएलचा पहिला राजा शौल पलिष्ट्यांशी लढताना हरला आणि त्यानं स्वतःचा शेवट केला. शत्रूंनी त्याचं प्रेत गावकुसाला टांगलं. याबेश-गिलाद गावचे लोक रात्रभर चालून गेले, प्रेत उतरवून आणलं, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. हा राजा पात्र होता की अपात्र, याची बैठक त्यांनी घेतल्याचं शमुवेलाच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. शौलानंतर राजा झालेल्या दाविदानं त्यांना उलट आशीर्वाद दिला, तुम्ही आपल्या धन्यावर दया केली म्हणून. शत्रूंसकट स्वतःवरच इमारत पाडून मेलेल्या शमशोनाला त्याच्या भावांनी नेऊन बापाच्या कबरीत ठेवलं, आणि इब्री लोकांस पत्रात विश्वासवीरांची जी यादी आहे तिच्यात त्याचं नाव आहे. यहूदाचं म्हणाल तर त्याच्याकडे मी येणारच आहे, पण जरा थांबून.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. आमच्यातल्या एका शिक्षकानं तो मांडला : ‘सर, सन्मानानं माती दिली तर उद्या दुसरा म्हणेल, काही बिघडत नाही.’ ही भीती पोकळ नाही. अशा मृत्यूचं उदात्तीकरण झालं, तपशील चघळले गेले, एकाच कारणावर सगळं ढकललं गेलं, तर आधीच कडेला उभ्या असलेल्या माणसावर त्याचा परिणाम होतो. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेनं वार्ताहरांसाठी सूचना काढल्या आहेत. पण त्या सूचना घंटा वाजवू नका असं सांगत नाहीत. काय बोलू नये ते सांगतात. व्यासपीठावरून त्याला हुतात्मा म्हणू नका. कसं झालं ते सांगू नका. ‘सुटला बिचारा’ तर चुकूनही म्हणू नका. आणि त्याच प्रवचनात सांगा की मन असं अंधारून आलं तर पाळकांकडे या, रात्री दोन वाजता या, नाहीतर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंसुद्धा असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच गृहीत धरलं, त्याला गुन्हेगार न मानता आधार द्यायला सांगितलं. आता त्या शिक्षकाला माझा उलट प्रश्न. कुंपणाकडची कबर पाहून कोण सावध होतो? ज्याच्या मनात तसला विचारही नाही, तो. ज्याच्या मनात आहे, तो एवढंच शिकतो की हे या लोकांना सांगायचं नाही. लाजेनं कुणाचा जीव वाचल्याचं मी पाहिलेलं नाही. तोंडं बंद झालेली पाहिली आहेत.

तिसरा आक्षेप आमच्या पोरांचा, आणि तो सगळ्यात टोकदार. स्वर्ग इतका चांगला आहे असं तुम्ही दर रविवारी सांगता, मग कर्जानं पिचलेला माणूस तिकडे लवकर का नाही जाणार? हसण्यावारी नेऊ नका. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनॅटिस्ट या फुटीर ख्रिस्ती पंथाच्या आसऱ्यानं सर्कमसेलियन नावाचे जथे फिरत. हुतात्म्याला स्वर्ग थेट मिळतो, म्हणून हे लोक मरण शोधत हिंडत. तिथलाच बिशप संत ऑगस्टिन आत्महत्येविरुद्ध इतका कडक लिहितो त्यामागे हे डोळ्यांसमोर घडत होतं. म्हणजे स्वर्गाची आशा माणसाला मरणाकडे ओढू शकते, हे निरीश्वरवाद्यांनी शोधून काढलेलं नाही; चर्चला ते सोळाशे वर्षांपासून ठाऊक आहे.

पण ऑगस्टिनच्याही आधीचं एक उत्तर आहे, आणि ते देणारा माणूस त्या वेळी तुरुंगात होता. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल मोकळेपणानं कबूल करतो की मला निघून ख्रिस्ताजवळ जावंसं वाटतं, ते कितीतरी चांगलं. मी पेचात आहे. मग तो थांबला कशासाठी? नरकाच्या भीतीनं? कायद्यानं? त्याचं कारण अगदी घरगुती आहे : मी देहात राहणं तुमच्यासाठी अधिक गरजेचं आहे. त्याला इकडे धरून ठेवलं ते मंडळीनं. स्वर्गाची ओढ पूर्ण होती, पण ‘तुझी आम्हाला गरज आहे’ म्हणणारी माणसंही होती, आणि ती त्याला नावानिशी माहीत होती. पोरांचा आक्षेप इथे मला मान्य करावा लागतो, अर्धा. मंडळीतून सुटा काढलेला स्वर्ग खरंच धोक्याचा आहे. आपण माणसाला वरचं घर दाखवतो आणि खालच्या घरात त्याची जागा कुठली ते सांगायला विसरतो.

त्याला कुणी सांगितलं होतं? नाताळच्या भजनांत ढोलकी तोच वाजवायचा. आम्ही सात जण त्याच्या स्वर्गाचा निकाल लावत बसलो होतो तेव्हा ती ढोलकी आमच्या डोक्यावर खुंटीला टांगलेली होती, दोरीला गेल्या डिसेंबरची चमकी चिकटलेली. वीस वर्षं तो ढोलकी वाजवत होता. ‘तुझ्याशिवाय आमचं भजन उभं राहत नाही’ हे वाक्य त्या वीस वर्षांत कुणी त्याच्यापाशी बोललं असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे कौतुक मेल्यावर करायची पद्धत आहे, आणि त्याच्या बाबतीत तर तेही केलं नाही.

चौथी बाजू माझ्या मामेभावाची. तो बौद्ध आहे. आमच्या घराण्यातले अर्धे १४ ऑक्टोबरच्या आसपास दीक्षाभूमीवर जातात आणि अर्धे २५ डिसेंबरला चर्चमध्ये. एकमेकांच्या लग्नांना सगळे जातात. मातीहून परतताना तो म्हणाला, ‘तुम्ही मेल्यावरचा पत्ता शोधत राहता. कापसाचा भाव कोण पाडतो, त्याचा पत्ता कोण शोधणार?’ हा एकट्या मामेभावाचा आरोप नाही. धर्मांतर केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवर लिहिताना डॉ. आंबेडकरांनीच हे दुखणं दाखवलं होतं, की पापाची आणि तारणाची भाषा शिकलेला माणूस आपल्या दुर्दशेचं कारण समाजरचनेत शोधायचं सोडून स्वतःच्या आत शोधू लागतो आणि म्हणून लढत नाही. मी चाळीस वर्षं मंडळीत आहे. हे खोटं आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २०२२ मध्ये शेतकरी आणि शेतमजूर मिळून महाराष्ट्रातल्या ४,२४८ आत्महत्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे झाली. एवढ्या वर्षांत आमच्या किती मंडळ्यांनी हमीभावावर, पीकविम्यावर, सावकारीवर एक ठराव तरी केला?

तरीही मामेभावाला माझं उत्तर आहे. ज्या पुस्तकातून आम्ही नव्या आकाशाची आणि नव्या पृथ्वीची आशा घेतो, त्या प्रकटीकरणातच, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातच, धान्याचे भाव लिहिलेले आहेत. सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार तराजू घेऊन येतो आणि आवाज उठतो, दिवसभराच्या मजुरीला शेरभर गहू. अठराव्या अध्यायात बाबेल नगरीच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे. सोनं, रेशीम, गहू, गुरं, आणि सगळ्यात शेवटी माणसांचे जीव. ज्यानं हे लिहिलं त्याला मोंढा कसा चालतो ते ठाऊक होतं. त्याचा स्वर्ग हा बाजाराकडे पाठ फिरवून बघितलेलं स्वप्न नाही. त्याच्या दृष्टांतात तर माणसं वर उडून जात नाहीत, नवं यरुशलेम खाली उतरतं आणि देव माणसांत वस्तीला येतो. ‘स्वर्गात जाणं’ हा आमच्या बोलण्यातला शब्द झाला. नव्या कराराची आशा मेलेल्यांच्या उठण्याची आणि एकत्र जेवायला बसण्याची आहे. पूर्वेकडून, पश्चिमेकडून पुष्कळ लोक येतील आणि अब्राहामाच्या पंगतीला बसतील, असं येशू म्हणाला. पंगत म्हटली की शेजारी कोण बसणार हे आपल्याला निवडता येत नाही. तिथे कोण वाढतो आणि कुणाला बाहेर बसवतात, हे इथल्या पंगतीवरून लोक ताडतात.

आणखी एक गोष्ट त्याला सांगितली, ती त्याला पटली नाही, पण गप्प राहिला. समजा, तुझा लढा जिंकला. कापसाला हवा तो भाव आला, सावकारी संपली. त्या दिवशी हा माणूस कुठे असेल? कुंपणाजवळच. येणारं कुठलंही सरकार, कुठलीही क्रांती त्याचं देणं फेडू शकत नाही, कारण तो घ्यायला हजर नाही. मेलेल्यांनाही न्याय मिळाला पाहिजे असं ज्याला वाटतं, त्याला मरणापलीकडची काही ना काही आशा बाळगावीच लागते. नाहीतर जे हरले ते कायमचे हरले असं तरी म्हणावं लागतं. मला ते म्हणवत नाही.

आता ‘सुखात आहे’वाल्यांकडे येतो. त्यांचा हेतू चांगला असतो. पण एका बाईचा नवरा तिला कर्जात आणि दोन लेकरांत टाकून गेला आहे, तिला दुःख आहे, संतापही आहे, आणि तुम्ही तिला सांगता की तो सुखात आहे! स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र कुणी मातीच्या वेळी वाचलेलं मी ऐकलं नाही, कारण ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ते बायबलात ठेवणाऱ्यांना घाई नव्हती. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल लिहितो तेही ‘रडू नका’ असं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखे रडू नका, असं आहे. रडायची मनाई कुठेच नाही.

आठव्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. काय बोलायचं याची तयारी करून गेलो होतो, अगदी वचनं काढून. तिनं चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करूनच विचारलं, ‘सर, पयल्या रविवारी प्रभुभोजनाले मले बसू देता का नाई, थे आधी सांगा.’ माझी वचनं खिशात राहिली. तो कुठे गेला हे तिनं विचारलंच नाही. आम्ही कुंपणाकडे त्याला पुरलं तेव्हा ती काय समजली, ते मला त्या एका प्रश्नात कळलं : कुंपण तिच्याही भोवती घातलं गेलं होतं.

आणि आता यहूदा. मागच्या खोलीत हे नाव हुकमाच्या पत्त्यासारखं टाकलं जात होतं. मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय घरी येऊन पुन्हा वाचला. यहूदा मरायच्या आधी कुठे गेला? याजकांकडे, समाजातल्या वडीलधाऱ्यांकडे. त्याच्या समाजाच्या कमिटीकडेच म्हणा. गेला आणि कबुली दिली की मी पाप केलं, निरपराध माणसाला धरून दिलं. ते काय म्हणाले? त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. मग तो गेला. आणि मग त्यांनी बैठक घेतली! त्यानं टाकलेले पैसे मंदिराच्या खजिन्यात घेणं नियमात बसतं की नाही यावर. बसत नाही असं ठरलं आणि त्या पैशांतून परक्यांना पुरायला कबरस्थानाची जागा घेतली. हे मी किती वेळा वाचलं असेल. यहूदाच्या शेवटावर प्रवचनं ऐकली, पण ‘तुझं तू बघ’ म्हणणाऱ्यांवर एकही ऐकलं नाही.

गेल्या जुलैत, दुबार पेरणीच्या वेळी, तो माझ्याकडे आला होता. मंडळीच्या फंडातून बियाण्यापुरते पैसे उसने मिळतील का, हे विचारायला. फंडात पैसे होते, चर्चच्या पत्र्यांसाठी ठेवलेले. मी रजिस्टर उघडून त्याला दाखवलं की उसनवारीची तरतूद नाही. खोटं नव्हतं ते. तरतूद खरंच नाही. तो ‘बरं सर’ म्हणाला आणि गेला. एवढ्या एका नकारानं हे घडलं असं मी म्हणत नाही, अशा मरणाला एकच कारण असतं असं समजणं चूक आहे. पण त्याच्या स्वर्गाची पात्रता तपासायला आम्हाला दोन तास मिळाले आणि त्याच्या बियाण्याला मी दहा मिनिटंही दिली नव्हती.

मंडळी गरीब आहे, ती काय कर्ज फेडणार, असं आता म्हटलं जाईल. खरं आहे, फेडू शकणार नाही. पण सुरुवातीच्या मंडळ्या श्रीमंत होत्या का? दुसऱ्या शतकाच्या अखेरीला टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की आमच्या पेटीत जो तो महिन्याला ऐपतीप्रमाणे टाकतो, आणि तो पैसा गरिबांना जगवायला आणि पुरायला लागतो. जगवायला आणि पुरायला, दोन्हीला. पुढे चौथ्या शतकात सम्राट ज्यूलियन, जो ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतला होता, त्यानं आपल्या एका पुजाऱ्याला चिडून लिहिलं की हे लोक वाढले ते परक्यांवर केलेल्या दयेनं आणि मेलेल्यांच्या कबरींची काळजी घेतल्यानं. विरोधकानं दिलेली ही साक्ष आहे. त्यांची स्वर्गाची आशा लोकांना दिसली ती कबरस्थानात दिसली. आमची लोकांना कुठे दिसेल? आणि इकडे हे करायला स्वर्ग लागतोच असंही नाही, हेही कबूल करतो. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली आणि प्रार्थनेला बसलेल्या लोकांनाच गावाच्या कामाला लावलं. शेजाऱ्याच्या वावरात बैलजोड्या घेऊन इर्जिक, म्हणजे बिनमजुरीची सामुदायिक मशागत, करणारे शेतकरी कुठल्या धर्मसिद्धांताची वाट पाहत नव्हते. मग ज्यांच्याकडे एवढी मोठी आशा आहे, त्यांनी मागे राहावं?

‘निकाल न लावता एकत्र कसं बसायचं?’ असं कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला विचारलं. त्यांना नागपूरचं उदाहरण दिलं, कारण ते स्वतः तरुणपणी तिथे होते. २९ नोव्हेंबर १९७० ला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याआधी कित्येक वर्षं वाद होता की कुणाच्या पाळकाची दीक्षा खरी. बिशपनं हात ठेवला त्याचीच, की सगळ्यांची? या प्रश्नाचा निकाल लावत बसले असते तर आजही बसलेले असते. त्यांनी तो देवावर सोडला. ज्याच्यात जे उणं असेल ते देवानं पुरवावं, अशी प्रार्थना करत एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि एका मेजाशी आले. पाळकांच्या पात्रतेचं ज्यांना देवावर सोडता आलं, त्यांच्या वारसांना एका मेलेल्या शेतकऱ्याचं सोडता येऊ नये?

एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती प्रभुभोजनाला आली. बायांच्या बाजूला, तिसऱ्या सतरंजीवर, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली. भाकरीचं ताट तिच्यापर्यंत आलं तेव्हा शेजारच्या म्हातारीनं ते स्वतःच्या हातात धरून तिच्यापुढे केलं, एरवी ते नुसतं सरकवतात. भजन ढोलकीशिवाय झालं आणि दुसऱ्या कडव्यालाच लय सुटली. जूनमध्ये पाऊस पडल्यावर तिच्या तीन एकरांत इर्जिक करायचं ठरलं. कमिटीच्या सातांपैकी तिघे आले, माझा मामेभाऊ आपली बैलजोडी घेऊन न बोलावता आला, आणि दुपारी बांधावर वरण-भाताची पंगत बसली तेव्हा आम्ही अकरा जण होतो.

रजिस्टरमधला शेरा मी पेन्सिलीनं लिहून ठेवला आहे, इतरांपुढे असतो तोच. पुढच्या महिन्याच्या बैठकीची विषयपत्रिका तयार आहे. विषय ३, चर्चचे गळके पत्रे. विषय ४, फंडातून बियाण्यासाठी उसनवारीची तरतूद करणे. विषय ५, कबरस्थानाचं पूर्वेकडचं कुंपण चार फूट मागे घेणे.